बिशप हेबर यांची रोजनिशी : तीन खंडांचे पुनर्मुद्रण विकत घ्यावे का?

कलकत्त्याचे दुसरे अँग्लिकन बिशप रेजिनल्ड हेबर यांनी १८२४ आणि १८२५ या दोन वर्षांत कलकत्त्याहून मुंबईपर्यंत जो प्रवास केला, त्याची रोजनिशी तीन खंडांच्या पुनर्मुद्रणात आज ऑनलाइन विकत मिळते. ती घ्यावी की नाही, असे गेल्या काही महिन्यांत मला दोन-तीन जणांनी विचारले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. पेशवाई संपून जेमतेम सात वर्षे झाली असतानाचा आपला मुलूख आणि त्याआधी ओलांडलेला उत्तर हिंदुस्थान एका सावध, सहृदय आणि अतिशय सुशिक्षित परक्या माणसाच्या डोळ्यांनी पाहण्याची ज्याला इच्छा आहे, त्याने ही रोजनिशी अवश्य घ्यावी. मात्र छपाईकडून फार अपेक्षा ठेवू नये. शिवाय वाचायला बसण्यापूर्वी लेखकाचे चरित्र थोडे तरी समजून घ्यावे, कारण या पुनर्मुद्रणात त्याविषयी एक ओळही नाही आणि चरित्र ठाऊक नसेल तर पुस्तकाचा निम्मा अर्थ हातातून निसटतो.

माझ्याकडे आलेली प्रत ही १८२८ सालच्या तीन खंडांच्या आवृत्तीची छायाप्रत आहे. मूळ पुस्तक लंडनच्या जॉन मरे यांनी प्रसिद्ध केले होते. जुनी पाने यंत्राखाली धरून टिपायची आणि मागणी येईल तशी छापायची, अशा पद्धतीने ही पुनर्मुद्रणे तयार होतात. त्यामुळे अक्षर जुन्या वळणाचे असले तरी बहुतेक ठिकाणी सुवाच्य आहे, कागद पांढरा व बऱ्यापैकी जाड आहे आणि बांधणी साधी पण टिकाऊ वाटते. तक्रारीच्या जागा तीन आहेत. हेबर चांगली चित्रे काढत, आणि त्यांच्या रेखाटनांवरून कोरलेली चित्रे मूळ पुस्तकात होती. ती या प्रतीत इतकी काळवंडली आहेत की देवळाचे शिखर कोठे संपते आणि झाड कोठे सुरू होते हे कळत नाही. प्रवासाचा नकाशा घडीचा होता, तो टिपताना उलगडलेलाच नाही, म्हणून त्याचा केवळ एक कोपरा छापला गेला आहे. तिसऱ्या खंडात तर सोळा पाने दोनदा आली होती आणि त्यांच्या जागी यायची सोळा पाने गायब होती. विक्रेत्याला छायाचित्र पाठवून कळवल्यावर त्याने आठ दिवसांत तिसऱ्या खंडाची नवी प्रत पाठवली आणि सदोष खंड परत मागितला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. मागवणाऱ्याने खंड हाती येताच पानांचे आकडे तपासून घ्यावेत, एवढाच यातला धडा.

आता लेखकाविषयी. रेजिनल्ड हेबर यांचा जन्म २१ एप्रिल १७८३ रोजी इंग्लंडमधील चेशायर परगण्यातल्या माल्पस या गावी झाला. वडील तेथील धर्मगुरू होते आणि घरी जमीनजुमला होता. थोरले सावत्र बंधू रिचर्ड हे पुढे इंग्लंडमधील सर्वांत मोठ्या ग्रंथसंग्राहकांपैकी एक म्हणून प्रसिद्ध झाले. पुस्तकांनी त्यांची एकाहून अधिक घरे भरली होती. धाकटे रेजिनल्ड १८०० साली ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज महाविद्यालयात दाखल झाले आणि १८०३ साली पॅलेस्टाइनवरील त्यांच्या दीर्घ कवितेला विद्यापीठाचे पारितोषिक मिळाले. त्या कवितेची एक आठवण सांगितली जाते. न्याहारीच्या वेळी प्रसिद्ध लेखक सर वॉल्टर स्कॉट त्यांच्याकडे आले होते. शलमोनाचे मंदिर उभारताना हातोडा किंवा छिन्नी यांचा आवाजही झाला नव्हता, या बायबलमधल्या सुंदर तपशिलाचा उल्लेख राहिला आहे, असे त्यांनी सुचवले, आणि तरुण हेबर यांनी खोलीच्या एका कोपऱ्यात जाऊन तेथल्या तेथे त्यावरच्या ओळी रचून आणल्या. शब्द त्यांच्या हाताशी किती सहज येत, हे रोजनिशी वाचतानाही सतत जाणवते.

त्यानंतर १८०५ साली ते एका मित्राबरोबर युरोपच्या दौऱ्यावर निघाले. नेपोलियनच्या युद्धांमुळे फ्रान्स आणि इटली हे नेहमीचे मार्ग बंद होते, म्हणून दोघे नॉर्वे, स्वीडन आणि रशिया असा वळसा घेऊन क्रिमियापर्यंत गेले. मला हा प्रवास फार महत्त्वाचा वाटतो, कारण परक्या देशात गेल्यावर काय पाहायचे, रोज रात्री ते कसे टिपून ठेवायचे आणि ऐकीव गोष्ट आणि पाहिलेली गोष्ट वेगळी कशी लिहायची, याचे शिक्षण त्यांना तेथे मिळाले. भारतात ते बिशप म्हणून नवखे असले तरी प्रवासी म्हणून मुरलेले होते.

परत आल्यावर १८०७ साली त्यांनी धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली आणि श्रॉपशायरमधील हॉडनेट या गावचे पाळकपद स्वीकारले. १८०९ साली अमेलिया शिप्ली यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हॉडनेटमधील सुमारे सोळा वर्षे बाहेरून पाहणाऱ्याला संथ वाटतील, पण याच काळात त्यांनी आपल्या मंडळीसाठी एकामागून एक भक्तिगीते रचली. इंग्लंडच्या चर्चमध्ये तेव्हा मुख्यतः बायबलमधील स्तोत्रसंहितेची पद्यरूपे गायली जात; नव्या कवींची गीते उपासनेत आणणे अनेक वरिष्ठांना रुचत नसे. वर्षभरातील प्रत्येक रविवारासाठी योग्य गीत असावे, ही हेबर यांची कल्पना होती, पण त्या संग्रहाला अधिकृत मान्यता त्यांच्या हयातीत मिळाली नाही आणि तो त्यांच्या मृत्यूनंतर १८२७ साली प्रसिद्ध झाला. देवाच्या पावित्र्याचा तीनदा घोष करणारे त्यांचे गीत आज जगभर अनेक भाषांत गायले जाते.

त्यांच्या दुसऱ्या एका गीतामुळे मात्र भारतात त्यांच्या नावावर ओरखडा उमटला आहे, आणि तो विषय टाळून या पुस्तकाविषयी बोलता येणार नाही. १८१९ साली रेक्सहॅम येथे त्यांच्या सासऱ्यांचे मिशनकार्याला साहाय्य मागणारे प्रवचन होते. आदल्या दिवशी सासऱ्यांनी जावयाला प्रसंगाला साजेसे गीत लिहायला सांगितले आणि थोड्याच वेळात ते तयार झाले. ग्रीनलंडपासून हिंदुस्थानपर्यंतच्या देशांची नावे घेणाऱ्या या गीतात सिंहलद्वीपाविषयी, म्हणजे आजच्या श्रीलंकेविषयी, एक ओळ आहे, तिचा आशय असा की तेथे निसर्गाचे प्रत्येक दृश्य रम्य आहे, अधम आहे तो फक्त माणूस. त्या वेळी हेबर यांनी ना सिंहलद्वीप पाहिले होते ना हिंदुस्थान. शंभर वर्षांनंतर, १९२५ साली, कलकत्त्यात मिशनऱ्यांपुढे बोलताना गांधीजींनी या ओळी आपल्याला कायम डाचत आल्या आहेत असे स्पष्ट सांगितले. त्यांचे सांगणे रास्तच होते. पण मला असे वाटते की ही ओळ ज्याला डाचते, त्यानेच ही रोजनिशी सर्वांआधी वाचावी, कारण त्या ओळीला सर्वांत सविस्तर उत्तर तिच्याच कवीने, चार-पाच वर्षांनी, डोळ्यांनी पाहून दिले आहे. तीन खंड वाचून झाल्यावर मनात राहिलेली मुख्य गोष्ट हीच आहे.

ते येथे आले कसे, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. १८१३ च्या सनदी कायद्यानंतर १८१४ साली कलकत्त्याचा धर्मप्रांत स्थापन झाला. पहिले बिशप मिडल्टन १८२२ साली वारले. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलचे अध्यक्ष चार्ल्स विल्यम्स विन हे हेबर यांचे जुने स्नेही. त्यांनी हे पद देऊ केले. पत्नीच्या आणि लहान मुलीच्या प्रकृतीच्या काळजीने हेबर यांनी आधी नकार दिला, मग पुष्कळ विचार करून होकार कळवला. १ जून १८२३ रोजी लँबेथ येथे त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली आणि त्याच महिन्यात ते जहाजाने निघाले. वार्षिक पगार पाच हजार पौंड होता, जो त्या काळी फार मोठा मानला जाई. पण या पदाच्या अधिकारक्षेत्रात कंपनीचा सगळा हिंदुस्थान होता, सिंहलद्वीप होते आणि ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सही होते. एका माणसाने एका आयुष्यात जेथवर पोचणेही शक्य नव्हते, तेवढा प्रदेश एका बिशपच्या हाती दिला गेला होता. मिडल्टन १८२२ मध्ये गेले, हेबर १८२६ मध्ये, त्यांच्या जागी आलेले जेम्स १८२८ मध्ये आणि टर्नर १८३१ मध्ये. दहा वर्षांच्या आत चार बिशप मातीआड झाल्यानंतर मद्रासला १८३५ साली आणि मुंबईला १८३७ साली स्वतंत्र बिशप मिळाले.

रोजनिशीच्या सुरुवातीलाच, हुगळीच्या मुखाशी जहाजाजवळ आलेले नावाडी पाहून हेबर लिहितात की हा तांबूस काळा वर्ण युरोपीय गोऱ्या कातडीपेक्षा डोळ्यांना अधिक स्वाभाविक आणि सुखद वाटतो. ही नोंद जहाजावरून उतरण्यापूर्वीची आहे. पुढे कलकत्त्यातील देशबांधवांविषयी ते याहून कठोर लिहितात. इंग्रज लोक एतद्देशीयांना आपल्या समाजात येऊ देत नाहीत आणि त्यांच्याशी सतत उर्मट, दमदाटीच्या सुरात बोलतात, याची त्यांना लाज वाटते आणि ती ते लपवत नाहीत. म्हणून ते आजच्या अर्थाने उदारमतवादी होते असे कोणी समजू नये. मूर्तिपूजा त्यांना चुकीचीच वाटत होती, काशीतील बैराग्यांविषयी त्यांनी अप्रसन्न मनाने लिहिले आहे, आणि ख्रिस्ती धर्माचा प्रसार हे आपले कर्तव्य आहे याविषयी त्यांना तिळमात्र शंका नव्हती. तरीही माणसाला माणूस म्हणून पाहण्यात त्यांनी कसूर केली नाही, आणि हे दोन्ही एकाच पानावर शेजारी शेजारी नांदते, म्हणून ही रोजनिशी खरी वाटते.

१५ जून १८२४ रोजी ते कलकत्त्याहून होडीने निघाले. पत्नी लहान मुलींसह मागे राहिल्या आणि ही रोजनिशी मुख्यतः त्यांच्यासाठी लिहिली गेली. तिच्यातील ऊब या गोष्टीतून आली आहे. ढाक्याला बरोबरचे धर्मगुरू आणि जिवलग मित्र मार्टिन स्टो आजारपणात वारले, आणि पुढचा सगळा प्रवास हेबर यांनी त्या दुःखासह केला. मग काशी, अलाहाबाद, लखनौ, बरेली, अल्मोडा, मेरठ. ३१ डिसेंबर १८२४ रोजी दिल्लीच्या लाल किल्ल्यात त्यांनी मोगल बादशहा दुसरा अकबरशहा याची भेट घेतली. नजराणे, खिलत म्हणजे मानाचा पोशाख, नामधारी दरबार आणि पडझड झालेल्या बागा यांचे त्यांनी केलेले वर्णन वाचताना, ज्यांचे वैभव गेले आहे अशा वृद्धाशी आदराने कसे वागावे हे त्यांना उपजत कळत होते असे वाटते. आग्रा, जयपूर, अजमेर आणि नीमच हा भाग काहीसा कोरडा आहे. घाई असेल त्याने तो चाळून पुढे जावे.

पुढे बडोद्यात दुसरे सयाजीराव गायकवाड यांचा दरबार येतो, आणि त्यानंतर लगेच नडियादचा तो प्रसंग, जो या पुस्तकातील माझा सर्वांत आवडता आहे. मार्च १८२५ मध्ये स्वामीनारायण संप्रदायाचे प्रवर्तक सहजानंद स्वामी हेबर यांना भेटायला आले, तेव्हा त्यांच्याबरोबर सुमारे दोनशे शस्त्रधारी घोडेस्वार होते. हेबर यांच्याही संरक्षणासाठी पन्नासाहून अधिक स्वार होतेच. दोन धर्मोपदेशक एकमेकांना भेटत आहेत आणि दोघांच्याही मागे लहानशी फौज उभी आहे, हे पाहून हेबर मनोमन ओशाळले. स्वामींच्या मागचे लोक गुरूवरच्या भक्तीने आले आहेत आणि आपल्या मागचे लोक सरकारी हुकमाने, हा फरकही त्यांच्या ध्यानात आला. स्वामींच्या उपदेशाने कोळी आणि काठी लोकांच्या वागणुकीत पडलेला चांगला फरक ते मान्य करतात. धर्मचर्चेत मात्र त्यांची निराशा झाली, आणि तीही त्यांनी तितक्याच सरळपणे लिहून ठेवली.

मराठी वाचकाला ज्याची ओढ असेल तो मुंबई-पुण्याचा भाग बराच उशिरा येतो, पण वाट पाहिल्याचे सार्थक होते. एप्रिल १८२५ मध्ये हेबर मुंबईत पोचले. पत्नी आणि थोरली मुलगी समुद्रमार्गे येऊन त्यांना मिळाल्या. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे ते पाहुणे होते, आणि एल्फिन्स्टन यांचे त्यांनी रेखाटलेले शब्दचित्र त्या माणसाविषयी मी वाचलेल्या उत्तम लेखनापैकी आहे. एल्फिन्स्टन नास्तिक आहेत अशी कुजबुज तेव्हा होती. स्वतः बिशप असूनही हेबर यांनी ती डोळे झाकून खरी मानली नाही. आपल्याला तसे मानायला कारण दिसले नाही, उलट त्यांचे बोलणे-वागणे पाहून सुखद आश्चर्य वाटले, अशी साक्ष त्यांनी दिली आहे. घारापुरी आणि कान्हेरी येथील लेणी त्यांनी पाहिली. भायखळ्याला मुंबई एज्युकेशन सोसायटीच्या शाळेची कोनशिला त्यांच्या हस्ते बसली. ठाण्याचे सेंट जेम्स चर्च आणि पुण्याच्या लष्कर भागातील सेंट मेरीज चर्च या दोन्ही वास्तूंचे समर्पण त्याच वर्षी त्यांनी केले, आणि दोन्ही आजही उभ्या आहेत.

जूनच्या अखेरीस, पाऊस सुरू झाल्यावर, ते होडीने पनवेलला उतरले आणि खंडाळ्याच्या वाटेने पुण्याला गेले. गाड्या सुखाने चढतील असा बोरघाटाचा रस्ता १८३० साली खुला झाला. हेबर गेले तेव्हा घाट म्हणजे माणसांच्या आणि जनावरांच्या दमाची परीक्षा होती. ऐन पावसात धुक्याने भरलेला तो घाट आणि त्यानंतर कार्ल्याचे चैत्यगृह यांविषयी ते जे लिहितात, ते त्या रस्त्याने वर्षानुवर्षे ये-जा केलेल्या माणसालाही नव्याने पाहायला लावते.

पुण्यात त्यांनी शनिवारवाडा पाहिला. बाहेरून त्यांना तो सामान्य वाटला, पण आतील चौक आणि त्याभोवतीचे कोरीव लाकडी खांब त्यांना आवडले. राज्य गेल्यावर वाड्याचा काही भाग सरकारने तुरुंगासारख्या कामांसाठी वापरायला घेतला होता, हेही त्यांनी टिपले. या वर्णनाचे मोल कशात आहे ते लक्षात घ्या. फेब्रुवारी १८२८ मध्ये लागलेल्या आगीत वाड्याच्या आतल्या इमारती जळून गेल्या, आणि ही रोजनिशी छापून प्रसिद्ध झाली तीही १८२८ सालीच. म्हणजे लंडनमध्ये हे पुस्तक वाचकांच्या हाती जात होते, त्या सुमारास त्यातल्या कोरीव खांबांची राख झाली होती. आज आपण तटाच्या आत फक्त जोती पाहतो. ते खांब उभे असताना पाहून लिहिलेले प्रत्येक वाक्य आपल्याला जपून ठेवावेसे वाटले पाहिजे.

याच पानांत एक गमतीदार चूक आहे आणि ती सुधारायला पुनर्मुद्रणात संपादक नाही. पेशव्यांच्या वाड्यांना आठवड्याच्या वारांची नावे दिली आहेत, याचे हेबर यांना नवल वाटले आणि ही लहरी पद्धत असावी असा त्यांनी समज करून घेतला. पुण्याच्या कोणत्याही शाळकरी मुलाला ठाऊक असते की वारांची नावे पेठांची आहेत आणि शनिवार, बुधवार, शुक्रवार या वाड्यांना नावे पेठांवरून मिळाली. दोनशे वर्षांनी का होईना, एखाद्या मराठी जाणकाराने टिपा देऊन किमान मुंबई-पुण्याची प्रकरणे स्वतंत्र पुस्तिकेच्या रूपात काढावीत, असे मला मनापासून वाटते. स्थळनावे त्या काळच्या इंग्रजी उच्चारांप्रमाणे लिहिलेली असल्यामुळे गुजरातमधील आणि कोकणातील लहान गावे ओळखायला नकाशा घेऊन बसावे लागते, आणि या प्रतीतला नकाशा तर वर सांगितल्याप्रमाणे अर्धवट आहे.

ऑगस्टमध्ये हेबर मुंबईहून जहाजाने सिंहलद्वीपला गेले. तेथील टिपणे त्यांच्या पत्नीची आहेत आणि ती पुस्तकात समाविष्ट आहेत. ज्या बेटाविषयी ती दुर्दैवी ओळ लिहिली गेली, त्या बेटावरची माणसे आता त्यांच्यापुढे प्रत्यक्ष उभी होती. ऑक्टोबर १८२५ मध्ये ते कलकत्त्याला परतले. बिशप म्हणून त्यांच्या कामातील सर्वांत दूरगामी गोष्ट मात्र रोजनिशीत फारशी ठळक होत नाही, म्हणून येथे सांगतो. मिडल्टन यांनी भारतीयांना धर्मगुरुपदाची दीक्षा देण्याचे टाळले होते, कारण आपल्याला तसा अधिकार आहे याची त्यांना खात्री नव्हती. हेबर यांच्या वेळी ही कायद्याची अडचण दूर झाली आणि त्यांनी उशीर केला नाही. १८२४ साली तमिळ उपदेशक ख्रिश्चन डेव्हिड यांना आणि १८२५ च्या अखेरीस अब्दुल मसीह यांना त्यांनी दीक्षा दिली. पुढे भारतीय धर्मगुरूंची जी परंपरा उभी राहिली, तिच्या आरंभी त्यांचा हात आहे.

तिसऱ्या खंडाच्या अखेरीस जी पत्रे आहेत ती कोणी वगळू नयेत. मार्च १८२६ मधील एका पत्रात हेबर लिहितात की जमिनीच्या ढोबळ उत्पन्नाचा निम्मा वाटा सरकार मागत आहे आणि अशा दराने एतद्देशीय किंवा युरोपीय कोणताही शेतकरी वर येणे शक्य नाही. देशी संस्थानिकांपेक्षा कंपनी रयतेकडून अधिक घेते, हे त्यांचे निरीक्षण होते. रमेशचंद्र दत्त यांनी आपल्या आर्थिक इतिहासात ही साक्ष वापरली, कारण ती कंपनीच्या शत्रूची नव्हती. कंपनीकडूनच पगार घेणाऱ्या बिशपची होती.

आणखी एक पत्र आहे, जे कोणाही मराठी माणसाला आवडेल. १८२६ च्या आरंभी हेबर मद्रासकडे गेले आणि २६ मार्चचा ईस्टर त्यांनी तंजावरला साजरा केला. तेथे तंजावरच्या भोसल्यांच्या गादीवरील सरफोजी महाराज, म्हणजे व्यंकोजीराजांचे वंशज आणि सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध करणारे राजे, यांच्या सहवासात त्यांनी काही दिवस घालवले. मिशनरी श्वार्ट्झ हे सरफोजींचे बालपणापासूनचे हितकर्ते, त्यामुळे दोघांना जोडणारा धागा आधीच होता. या राजाला लाव्हाझिए, लिनियस आणि बुफाँ या शास्त्रज्ञांचे दाखले तोंडपाठ आहेत, शेक्सपिअरच्या काव्याविषयीचे त्याचे मत इंग्रज कवी लॉर्ड बायरनच्या मतापेक्षा अधिक नेमके आहे, आणि त्याच वेळी घोड्यांची पारख व वाघावरचा अचूक नेम यांसाठी इंग्रज अधिकारी त्याला मान देतात, असे हेबर आपल्या मित्राला कळवतात. हे वाचताना १८१९ सालची ती ओळ आठवते आणि सात वर्षांत हा माणूस किती दूर चालत आला हे दिसते.

या भेटीनंतर थोड्याच दिवसांत, ३ एप्रिल १८२६ रोजी, त्रिचनापल्लीच्या किल्ल्यातील चर्चमध्ये सकाळी त्यांनी तमिळ ख्रिस्ती लोकांचे दृढीकरण (श्रद्धा पक्की करण्याचा चर्चमधील विधी) केले आणि त्यांना त्यांच्या भाषेत आशीर्वाद दिला. उन्हाने थकून ते मुक्कामाच्या बंगल्यावर आले आणि थंड पाण्याच्या हौदात स्नानाला उतरले. बराच वेळ ते बाहेर आले नाहीत म्हणून नोकराने पाहिले, तेव्हा त्यांचा प्राण गेला होता. वय बेचाळीस होते आणि भारतात येऊन अडीच वर्षे झाली होती. तेथील सेंट जॉन्स चर्चमध्ये त्यांचे दफन झाले. फ्रान्सिस शँट्री या शिल्पकाराने घडवलेली त्यांची स्मारके लंडन, कलकत्ता आणि मद्रास येथील कॅथेड्रलमध्ये आहेत, आणि आजच्या तिरुचिरापल्लीत त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे.

रोजनिशी छापण्यायोग्य करण्याचे काम विधवा अमेलिया यांनी केले, आणि दोन वर्षांत केले. नवऱ्याने आपल्यासाठी लिहिलेली पाने अनोळखी वाचकांपुढे ठेवताना काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे ठरवणे त्यांना किती जड गेले असेल याची कल्पना करता येते. तरीही इंग्रजांवरची टीका त्यांनी पुस्तकात राहू दिली, हे त्यांचे मोठेपण आहे. पुनर्मुद्रणाच्या मुखपृष्ठावर त्यांचे नाव कोठेच नाही, आणि हा दोष मला काळवंडलेल्या चित्रांपेक्षा मोठा वाटतो.

किमतीविषयी सांगायचे तर तिन्ही खंड मिळून मला सुमारे अडीच हजार रुपये पडले. याच आवृत्तीच्या छायाप्रती इंटरनेटवर मोफत उपलब्ध आहेत, त्यामुळे ज्याला फक्त पुणे आणि तंजावर यांविषयीचा मजकूर पाहायचा आहे त्याने तेथेच वाचावा आणि पैसे वाचवावेत. ज्याला सगळा प्रवास संथपणे, समासात पेन्सिलीने खुणा करत वाचायचा आहे, त्याला मात्र छापील प्रतीशिवाय गत्यंतर नाही. रोज रात्री दहा-बारा पाने या गतीने मला तिन्ही खंडांना चार महिने लागले. प्रत्येक खंडाच्या शेवटी काही कोरी पाने सोडलेली आहेत. तिसऱ्या खंडाच्या त्या पानांवर मी हेबर यांनी लिहिलेल्या गावांची आजची नावे उतरवत आहे. वडोदऱ्यापासून सुरतेपर्यंतची झाली आहेत, आणि पनवेल ते पुणे या टप्प्यातली दोन गावे अजून ओळखायची राहिली आहेत.